चार रात्री, पाच दिवस

मुळशी तालुक्यात पौडापासून बावधनपर्यंत कोणत्याही घरी हल्ली दिवाळीच्या फराळाला गेलात, तर चकलीच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास पुढे येतो : "मग, ह्या वर्षी कुठे?" ह्यावर महाबळेश्वर किंवा गणपतीपुळे असे उत्तर देणाऱ्याकडे लोक जरा कणवेने पाहतात. उत्तर बँकॉक, सिंगापूर, दुबई असे काहीतरी असावे लागते. आणि मुक्काम किती, हे तर ठरलेलेच आहे : चार रात्री, पाच दिवस. सत्यनारायणाला जसे पाच अध्याय, तसे परदेशाला पाच दिवस! संपादकांनी क्षमा करावी, ह्याच अंकात चार पाने पुढेमागे अशा सहलीची जाहिरात असण्याचा संभव आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, आम्हांला स्पष्ट म्हणावयाचे आहे की हा पाच दिवसांचा परदेश म्हणजे बहुतेक वेळा पैशाचा, रजेचा आणि हौसेचा निव्वळ अपव्यय असतो.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानणारी पिढी केव्हाच इतिहासजमा झाली, आणि ती झाली हे बरेच झाले. माणसाने परदेश अवश्य पाहावा. आमचा आक्षेप परदेशावर नाही, पाचावर आहे.

आधी साधा हिशेब करू. पिरंगुटच्या एका चौकोनी कुटुंबाने सिंगापूरला जाण्याचे ठरविले आहे, असे धरा. घरातून निघून मुंबईचा विमानतळ गाठावयास चार तास. विमान सुटण्यापूर्वी तीन तास हजर राहावे लागते. विमानात साडेपाच तास. तेथे उतरल्यावर पारपत्राची रांग, सामानाची वाट आणि हॉटेलापर्यंतचा रस्ता मिळून दीड-दोन तास. हे झाले चौदा तास. येतानाचे तितकेच धरले की अठ्ठावीस. पाच दिवसांचे तास होतात एकशेवीस. त्यांतून अठ्ठावीस वजा केले, झोपेचे बत्तीस वजा केले, की उरतात साठ. आता ह्या साठांतून मुलांच्या आंघोळी, न्याहाऱ्या, शाकाहारी जेवण कोठे मिळते ह्याचा शोध, आणि मावशीला, आत्याला, सोसायटीतल्या शेजाऱ्यांना काय न्यावयाचे ह्याची खरेदी काढून टाका. तिसेक तास हाती लागले तरी पुष्कळ. म्हणजे जितके तास वाटेत, जवळजवळ तितकेच तास शहरात! लग्नाला जाऊन निम्मा वेळ चपला काढण्यात आणि घालण्यात घालवावा, तसा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, "अहो, आता पुण्याहूनही थेट विमाने निघतात." निघतात ना! ज्या शहराला तसे विमान आहे, तेथे जाताना दोन-अडीच तास वाचतील. पण मुळशीकराला लोहगाव गाठण्यापूर्वी भूगाव आणि चांदणी चौक पार करावा लागतो, आणि त्या रस्त्यावरची संध्याकाळ ज्याने अनुभवली आहे तो 'वाचलेला वेळ' हे शब्द जपूनच उच्चारील.

शिवाय पैशाचे एक साधे गणित आमच्या मंडळींच्या ध्यानात कसे येत नाही, ह्याचे नवल वाटते. विमानाचे भाडे मुक्कामाच्या दिवसांवर ठरत नाही. पाच दिवस राहा की पंधरा दिवस राहा, जाण्यायेण्याचे तिकीट एकदाच काढावे लागते. पाच-पाच दिवसांच्या तीन सहलींना चौघांची तिकिटे तीनदा लागतात. पंधरा दिवसांच्या एका सहलीला एकदाच. घरचे किराणा सामान भरताना ज्या गृहिणी किलोचा भाव आणि पावशेराचा भाव ह्यांतला फरक तोंडी सांगतात, त्याच घरांत परदेश मात्र पावशेराने विकत घेतला जातो.

पण खरा मुद्दा तासांचा नाही आणि पैशांचाही नाही. पाच दिवसांत एखाद्या जागेचे काय दिसते आणि काय दिसत नाही, हा खरा मुद्दा आहे. आणि तो मुळशीच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. कारण तो स्वतः दर पावसाळ्यात पाहिला जातो! आषाढ-श्रावणात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. मंडळी धबधब्याखाली उभी राहतात, भाजलेले कणीस खातात, धरणाच्या पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढतात आणि अंधार पडावयाच्या आत परततात. "मुळशी पाहिली!" असे ती सांगतात, आणि त्यांत त्यांचा खोटे बोलण्याचा हेतू मुळीच नसतो.

त्यांनी काय पाहिले? पाणी पाहिले. त्या पाण्याखाली काय आहे, ते त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. टाटांच्या ह्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तुरुंग भोगला, आणि तरीही अखेर धरण झालेच. पन्नासाच्या घरातल्या गावांच्या जमिनी, घरे, देवळे त्या लढ्याच्या पणाला लागली होती. इकडचे पाणी सह्याद्रीतून पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरते, तेथे त्याची वीज होते, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. ही हकीकत काठावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याजवळ अर्धा दिवस बसले तर ऐकावयास मिळते. पण अर्धा दिवस बसावयाचे कोणी? पुढच्या धबधब्याला उशीर होतो ना!

आता हाच मुळशीकर सिंगापूरला जातो तेव्हा तो कोण असतो? तो ताम्हिणीच्या रस्त्यावरचा रविवारचा पाहुणा असतो. तेथल्या उंच इमारतींकडे पाठ करून तोही छायाचित्र काढतो. त्या इमारतींच्या जागी पूर्वी 'कांपोंग' नावाच्या वाड्या होत्या, १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत तेथल्या हजारो कुटुंबांना उठवून सरकारी गगनचुंबी चाळींत नेले, कोणाला ते मानवले आणि कोणी अंगणासाठी झुरले, हे त्याला कोण सांगणार? ज्याच्या आजोबांची शेते पाण्याखाली गेली, त्याला ही गोष्ट सिंगापुरातल्या कोणत्याही काचेच्या इमारतीपेक्षा अधिक जवळची वाटली असती. पण ती तिकिटावर मिळत नाही. ती सातव्या-आठव्या दिवशी मिळते. ज्या दिवशी पाहण्याची यादी संपते, चहावाल्याची ओळख होते, आणि माणूस नकाशा खिशात ठेवून नुसता चालू लागतो. पाच दिवसांचा प्रवासी नेमका त्याच्या आधीच घरी परततो.

ज्यांना आमचे हे बोलणे कोड्यात टाकणारे वाटेल, त्यांनी दूर जाऊ नये. मोसे खोऱ्यात दासव्याजवळ, वरसगावच्या जलाशयाच्या काठी लवासा नावाचे नगर आहे. इटलीत पोर्टोफिनो म्हणून एक चिमुकले बंदर आहे, त्याच्या धर्तीवर हे आमच्याच तालुक्यात बांधले. रंगीत भिंती, कमानी, पाण्याकाठची फरसबंदी, सगळे तसेच. २०१० साली पर्यावरणाच्या प्रश्नावरून तेथले काम थांबविण्याची नोटीस निघाली, आणि २०१८ साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तो सगळा इतिहास येथे नको. आमचा मुद्दा येवढाच की मंडळी तेथे जातात, दुपारभर हिंडतात, छायाचित्रे काढतात आणि तृप्त होऊन परततात. ती तृप्ती खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. पण मग प्रामाणिकपणे सांगा, खऱ्या पोर्टोफिनोला जाऊनही तुम्ही हेच करणार असाल, तर विमानाचे भाडे कशासाठी भरता? बंदर म्हणजे रंगीत भिंत नव्हे. पहाटे मासळी घेऊन येणारा कोळी, त्याची भांडणे, त्याचा रविवार, हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते दासव्यालाही मिळते, आणि तेथे पारपत्र लागत नाही.

"पण मुलांना जग दिसते," असे आईबाप म्हणतात. परत आलेल्या मुलांना विचारून पाहा. दहांतली नऊ मुले हॉटेलच्या पोहण्याच्या हौदाचे वर्णन करतील, आणि दहावे विमानातल्या चॉकलेटाचे. मुले लबाड नसतात. जे त्यांना निवांतपणे मिळाले, तेच त्यांच्या ध्यानात राहिले. बाकीचे त्यांना दंडाला धरून दाखविले गेले होते.

"शेजारचे गेले म्हणून," हे कारण कोणी बोलून दाखवीत नाही. त्यामुळे त्याला उत्तर देण्याचेही कारण नाही.

आता उरला तो एकच आक्षेप, आणि तो मात्र खरा आहे : "अहो, रजाच तेवढी मिळते!" आमच्या तालुक्यातल्या हिंजवडीत संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्या हजारो तरुण-तरुणींचे हे दुखणे आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु येथेच आम्हांला त्यांच्याशी दोन शब्द कडक बोलावयाचे आहेत. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षात किमान दोनशेचाळीस दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा सांगितली आहे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठविण्याची सोयही ठेविली आहे. कायदा करणाऱ्यांना दिसले की माणसाला कधीतरी लांब रजा लागते. मग पंधरा दिवसांचा अर्ज साहेबापुढे ठेवताना हात का कापतात? "इतके दिवस? मग काम कोण करणार?" ह्या एका प्रश्नाला भिऊन आपण आपले वर्ष पाच-पाच दिवसांच्या तुकड्यांत कापून घेतो, आणि त्या तुकड्यांना 'सहल' म्हणून गोंजारतो. आपण पाच दिवसांत सिंगापूर पाहून हसतमुखाने सोमवारी हजर झालो, की साहेबालाही वाटू लागते, माणसाला पाच दिवस पुरतात! ह्यात खरे नुकसान आहे. पैसा पुन्हा मिळविता येतो. पण सलग पंधरा दिवस आपले असतात, ही कल्पनाच एकदा विरून गेली की ती पुन्हा मागण्याचेही सुचत नाही.

मग थोडक्या दिवसांसाठी परदेशी जाऊच नये काय? तसे नाही. मुंबईच्या डबेवाल्यांतले बहुसंख्य लोक मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्याच पट्ट्यातले. २००३ साली इंग्लंडचे त्या वेळचे युवराज चार्ल्स मुंबईत चर्चगेटला त्यांना भेटले. आणि २००५ च्या एप्रिलमध्ये युवराजांच्या लग्नाचे आमंत्रण आले, तेव्हा त्यांच्यापैकी दोघे जण साडी आणि फेट्याचा आहेर घेऊन विलायतेला गेले. ती लंडनवारी काही वर्षभराची नव्हती. पण तिला कोणी व्यर्थ म्हणेल काय? तेथे त्यांना बोलावणारे कोणी होते. ते शहर पाहावयास गेले नव्हते; ओळखीच्या घरच्या लग्नाला गेले होते, आणि लग्नाला चार दिवस पुष्कळ झाले. मुलगी सिंगापुरात बाळंत होणार असेल, जुना मित्र दुबईत आजारी असेल, तर पाच दिवस कशाला, दोनच दिवसांसाठी जा, कर्ज काढून जा. चार दिवसांत माणूस भेटतो. चार दिवसांत शहर भेटत नाही.

आणि ज्यांना शहरच भेटावयाचे होते, ते किती राहिले पाहा. ज्या सेनापती बापटांचा वर उल्लेख केला, ते १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकावयास गेले. तेथे हिंदुस्थानच्या दशेवर बोलले म्हणून शिष्यवृत्ती गमावली, पण काही वर्षे त्या मुलखात काढून, पुष्कळ काही शिकून परतले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीच्या नोकरीत असताना दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला बीबीसीत गेले. १९६० साली प्रसिद्ध झालेली 'अपूर्वाई' त्या मुक्कामाचे फळ आहे. ते पाच दिवसांत परतले असते, तर आपल्याला फार तर एखादा लेख मिळाला असता. आता आपल्याला काही शिष्यवृत्त्या मिळावयाच्या नाहीत, हे आम्हांलाही कळते. पण प्रमाणाची जाण त्यांच्याकडून घ्यावयास काय हरकत आहे?

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. ह्या दिवाळीत घरात सहलीची बोलणी निघतील, तेव्हा प्रथम विचारा : तेथे आपली वाट पाहणारे कोणी आहे काय? असेल तर पुढचे काही न वाचता निघा. नसेल तर दाराच्या उंबऱ्यापासून हॉटेलाच्या उंबऱ्यापर्यंत किती तास लागतात ते मोजा, आणि त्यांच्या निम्मे दिवस तरी मुक्काम करता येतो की नाही ते पाहा. सिंगापूरचे चौदा तास, म्हणून किमान सात दिवस. युरोपाचे अठरा-वीस तास, म्हणून नऊ-दहा दिवस. तितके दिवस ह्या वर्षी नसतील तर सहल रद्द करू नका, पुढे ढकला. रजा साठवा, पैसा साठवा, मुलांना त्या देशाविषयी वाचू द्या. तीन वर्षांनी एकदा जा, पण असे जा की तेथला चहावाला तुम्हांला निरोप देईल. आणि दरम्यानच्या रजा मोकळ्या ठेवा. त्या कशाने तरी भरल्याच पाहिजेत असा सरकारी हुकूम नाही. धरणाच्या काठी एखाद्या म्हाताऱ्याजवळ अर्धा दिवस बसावयास त्या उपयोगी पडतील.