यमूचे वाढणे आणि समीक्षेची घाई

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीविषयी मराठी समीक्षेने एक सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. ही केशवपनाच्या दुष्ट रूढीवर लिहिलेली सुधारणावादी कादंबरी आहे, तिचे ऐतिहासिक मोल मोठे आहे आणि कलादृष्ट्या ती पाल्हाळिक आहे, ही ती समजूत. अभ्यासक्रमातील टिपणांपासून वाङ्मयेतिहासाच्या खंडांपर्यंत तिचीच पुनरुक्ती आढळते. प्रस्तुत लेखात या समजुतीचा प्रतिवाद करावयाचा आहे. कारण या वाचनात कादंबरी शेवटाकडून मागे वाचली जाते. अखेरच्या प्रकरणांतील अत्याचार हाच विषय ठरला की त्याआधीची शेकडो पृष्ठे आपोआप ‘पार्श्वभूमी’ होतात आणि पार्श्वभूमी लांबली की तिला पाल्हाळ म्हणणे सोपे जाते.

वस्तुतः ही एका मुलीच्या वाढण्याची कादंबरी आहे. १८९० साली आपट्यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून ती क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूप झाली. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. बालपण, भाऊ, मैत्रीण, सासर, मुंबईचे बिऱ्हाड, वाचन, नवऱ्याशी जुळलेले मन आणि मग वैधव्य, असा तो प्रवास आहे. त्यातील प्रत्येक टप्पा यमूच्या जाणिवेची कक्षा रुंदावतो. आपल्या समीक्षेला या प्रकाराचे नाव सुचले नाही, याचे कारण तिच्यासमोरचा नमुना वेगळा होता.

गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५–९६) युरोपीय घडणीच्या कादंबरीचा एक क्रम रूढ झाला. आधी घर सोडणे, मग मैत्री, भ्रमनिरास, प्रेम आणि शेवटी समाजाशी तडजोड. ही तडजोड पुष्कळदा विवाहाच्या रूपाने येते. ‘जेन एअर’सारख्या (१८४७) स्त्रीकेंद्री कादंबरीतही विवाह अखेरीसच आहे. फ्रँको मोरेत्ती यांनी १९८७ साली या प्रकाराची मीमांसा करताना तारुण्याला आधुनिकतेचे प्रतीकरूप मानले, तेही हाच क्रम गृहीत धरून. यमूला असे तारुण्य मिळतच नाही. तिच्या आयुष्यात विवाह आधी येतो, अक्षरओळख त्यानंतर वाढते आणि प्रेम सर्वांत शेवटी येते. मुंबईच्या बिऱ्हाडात रघुनाथरावांशी तिचे जे नाते घडते, ते लग्न झालेल्या दोन माणसांचे उशिरा सुरू झालेले प्रेम आहे. हा उलटा क्रम म्हणजे तिच्या समाजात स्त्रीच्या घडणीला उपलब्ध असलेली एकमेव वाट होती. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे आत्मकथन याची साक्ष देते. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह, त्यानंतर पतीकडून शिक्षण आणि त्या शिक्षणातून वाढलेले सख्य. आपट्यांनी या अनुभवाचे रूप सतरा वर्षे आधी कादंबरीत घडविले होते. ज्याला पाल्हाळ म्हटले जाते, तो या विलंबाला लागणारा काळ आहे. प्रेम सावकाश उमलताना दाखवावयाचे, तर कथनही सावकाश चालले पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. पत्नीला शिकवणारा नवरा हे सुधारक पुरुषाचेच स्वप्न नव्हे काय? यमूच्या तोंडून पुरुष लेखकच आपल्या वर्गाची भलामण करीत नाही काय? या आक्षेपाचे उत्तर दुर्गीमध्ये आहे. यमूची ही बालमैत्रीण समीक्षेत ‘उपकथानक’ म्हणून उरते. प्रत्यक्षात तीच या कादंबरीचे माप आहे. दोघी एकाच जगातून येतात. एकीला समजूतदार नवरा मिळतो, दुसरीच्या वाट्याला दुर्वर्तनी नवऱ्याचा छळ येतो. दोघींच्या गुणांत असा काही फरक नाही, ज्याने या भाग्यभेदाचा उलगडा व्हावा. यमूचे सुख हा निव्वळ योगायोग आहे, हे दुर्गीच्या सहवासातून वाचकाला कळत राहते. रघुनाथराव गेल्यावर ते सुख कोणत्याही हक्काचे नव्हते, हे उघडे पडते. शंकरमामंजींना ते हिरावून घेणे सोपे जाते, ते यामुळेच. म्हणजे मैत्रीचे कथानक प्रेमाच्या कथानकाची चिकित्सा करते. सुधारकी स्वप्न रंगविणारी कादंबरी ते स्वप्न इतके परावलंबी आहे, असे दाखविण्याच्या भानगडीत पडली नसती.

केशवपनाचा प्रश्न ‘सुटला’ म्हणून कादंबरी इतिहासजमा करणाऱ्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. ही संहिता आज कोण, कोठून वाचते? सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागते. तेथे विडी वळणाऱ्या कामगार स्त्रियांसाठी २००६ साली दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या लेखिका गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे. अशा वसाहतीतून मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थिनीला केशवपन परके वाटेल. लग्न आधी आणि शिक्षण जमले तर नंतर, हा क्रम परका वाटेलच असे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा १८९१ चा कायदा या कादंबरीच्या लेखनकाळातलाच. वयाचे आकडे बदलले; मुलीला वाढण्यासाठी किती काळ मिळावा, हा त्यांच्यामागचा प्रश्न उरलाच आहे.

आपण तिला या कादंबरीची कोणती बाजू शिकवतो? रूढीचे उदाहरण म्हणून शिकवली, तर तिने परीक्षेत लिहावयाचे एक उत्तर तेवढे हाती लागते. घडणीची कादंबरी म्हणून शिकवली, तर यमू आणि दुर्गी यांच्यातील अंतर कशाने पडले, हे ती स्वतः विचारू शकेल. तो प्रश्न विचारण्याची मुभा ज्या वाचनपद्धतीत नाही, तिने आपट्यांना पाल्हाळिक म्हणण्यापूर्वी मधली पृष्ठे पुन्हा एकदा वाचावीत.