बोगद्याचं अस्तर आणि मजुराचा जीव

१२ नोव्हेंबर २०२३ला, दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमधल्या सिलक्यारा बोगद्याचा एक भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. १७ दिवसांनी सगळे जिवंत बाहेर आले. ऑगर मशीन ढिगाऱ्यात तुटलं, तेव्हा शेवटचे दहा-बारा मीटर ‘रॅट मायनर्स’नी हातानं खोदले. त्यांत मुस्लिम होते, हिंदूही होते. त्यांच्या हिमतीचं कौतुक आपण सर्वांनी केलं. मूळ सवाल मात्र मागेच राहिला: छत पडू नये म्हणून काय करायचं असतं?

डोंगराचं ओझं खडक स्वतःच पेलत असतो. पोकळी खोदली की ते ओझं बाजूच्या खडकावर सरकतं. खडक मजबूत असला तर टिकतो. ठिसूळ, पाणी मुरलेला असला तर काही तासांतच सुटू लागतो. म्हणून आधी तातडीचा आधार द्यायचा: फवारलेलं काँक्रीट म्हणजे शॉटक्रीट, खडकात बसवलेले बोल्ट, पोलादी कमानी. मग खडक किती सरकतोय ते नियमित मोजायचं. सरकणं थांबत आलं की काँक्रीटचं कायमचं अस्तर.

काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण फारसा नाही. म्हणून अस्तर कमानीसारखं गोलाकार करतात. मशिदीच्या दगडी कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, तेच हे तत्त्व. खाणीत हिशेब थोडा वेगळा. वर्षानुवर्षं वापरायच्या शाफ्टला काँक्रीटचं अस्तर देतात. कोळसा काढून सोडून द्यायच्या गल्लीला बहुधा बोल्ट आणि टेकू पुरतात. जाडी आणि आधार खडक पाहून ठरतो, आणि खडक दर काही मीटरवर बदलतो. तपासणीला वेळ लागतो, पैसा लागतो. घाई झाली की पहिली काटछाट इथेच होते.

सिलक्याराच्या २०१८च्या मंजुरीत सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता. अपघाताच्या दिवशी मजुरांपाशी तो मार्ग नव्हता. कागदावरची हिफाजत कामाची नाही, ती जागेवर हवी.

आपल्याकडेही चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात भूमिगत खाणी आहेत, इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. अशी कामं पुढेही होतील आणि आत उतरणारे बहुतेक गरीब घरचे, परगावचे असतील. म्हणून आम्हाला तीन सवाल विचारावेसे वाटतात. मोजमाप रोज होतं का? त्या नोंदी ठेकेदाराखेरीज कोण तपासतं? आणि छताला तडा दिसला तर काम थांबवायचा हक्क मजुराला आहे का?

बचावाला टाळ्या जरूर वाजवू, पण हे सवाल अपघाताच्या आधी विचारू या.