खरेदीचा भाव

कोपऱ्यावरचे किराणा दुकान आणि साखळी दालन यांच्या लढतीविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक हळवा: वाणी उधार देतो, घरातली माणसे ओळखतो, म्हणून त्याला जगवा. दुसरा कोरडा: गिऱ्हाईक स्वस्त मिळेल तिथेच जाणार, ज्याला परवडत नाही त्याने शटर ओढावे. हळव्या सुरासाठी फार शाई खर्चायला नको. महिन्याच्या सामानात चार पैसे वाचत असतील, तर ते कुटुंबाने ओळखीपायी सोडावेत ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कोरडा सूर मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्याच्यामागे एक सिद्धान्त आहे: ज्याचा भाव कमी तो अधिक कार्यक्षम. हा सिद्धान्त निम्माच खरा आहे.

खरा निम्मा आधी मान्य करू. डी-मार्टचे पहिले दालन 2002 मध्ये पवईत उघडले आणि मार्च 2025 अखेर दालनांची संख्या 415 झाली. ही वाढ जाहिरातबाजीची नाही. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते, त्यामुळे खरेदीत सूट. आणि वेगाने खपणाऱ्या मालावरच भर. नुसते मोठे असणे पुरत नाही, हेही दिसून गेले आहे. देशभर दीड हजारांहून जास्त दुकाने थाटलेली सुभिक्षा 2009 मध्ये कोसळली, आणि 2001 पासून गाजलेला बिग बझार कर्जाच्या ओझ्याखाली गेला. तेव्हा साखळ्यांना कसबच नाही, असे म्हणणारा दुकानदार स्वतःचीच फसवणूक करतो.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुकानदार किती स्वस्त विकू शकेल, हे माल त्याच्या दारात कोणत्या भावाने उतरतो यावर ठरते. आपल्याकडे वेष्टनावर छापलेली कमाल किंमत असते, म्हणून सूट लगेच डोळ्यात भरते. ती सूट कोणाच्या खिशातून आली, हे मात्र वेष्टनावर छापलेले नसते. 2021 च्या अखेरीस हा पडदा थोडा सरकला. कंपन्यांच्या पारंपरिक वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने तक्रार केली, की ठोक व्यापारात उतरलेल्या बड्या ऑनलाइन कंपन्यांना तोच माल आमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. दुकानदाराला आम्ही 8 ते 12 टक्के मार्जिन देऊ शकतो, ते 15 ते 20 टक्के देतात, असा त्यांचा हिशेब होता. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या एका टूथपेस्टचा पुरवठा थांबवलाही. यात दुकानदाराचे काय गेले, त्याला तर माल स्वस्तच मिळाला, असे कोणी म्हणेल. त्या महिन्यापुरते खरे आहे. पण कारखाना एक, नळी एक, आणि भाव मात्र विकत कोण घेतो यावर, एवढे त्या भांडणातून उघडे पडले. हा फरक कार्यक्षमतेच्या खात्यावर कसा मांडायचा?

जो जास्त उचलतो त्याला सूट, ही जगाची रीत आहे, असा यावर आक्षेप येतो. रीत आहेच. पूर्ण ट्रक एकाच गोदामात रिकामा करण्याचा खर्च वीस गल्ल्यांत खोकी वाटण्यापेक्षा कमी येतो, आणि तेवढी सूट रास्त आहे. प्रश्न तिच्या पलीकडच्या, निव्वळ दांडगाईने मिळवलेल्या सवलतीचा आहे. ए अँड पी या बलाढ्य किराणा साखळीच्या धाकात अमेरिकेने 1936 मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला, त्यात नेमकी हीच रेघ ओढलेली आहे: खर्चातला खरा फरक दाखवा आणि तेवढाच भाव कमी करा. या कायद्याने ग्राहकाला महागाई सोसावी लागते, अशी टीका पुढे झाली आणि 1980 नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. टीकेत तथ्य नाही असे नाही. पण छोट्याला चढा भाव लावून मोठ्याला दिलेली सवलत हीसुद्धा कोणाला तरी महागातच पडते, आणि तो बहुधा पावशेर तेल आणि पाच रुपयांचा पुडा घेणारा असतो. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही भेदभावाच्या भावाला मनाई आहे, पण ती बाजारात प्रबळ ठरलेल्या कंपनीपुरती. ते प्रबळपण सिद्ध करण्यातच वर्षे जातात. मागणी करायची तर ही फट बुजवण्याची करावी. 2012 मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीविरुद्ध दुकाने बंद ठेवून मोर्चे निघाले, आणि प्रतिस्पर्धी आला तो देशातूनच, कुठल्याही परवानगीची वाट न पाहता.

कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. जर्मनीत किराणा दुकानदारांच्या खरेदी संघांनी 1898 मध्ये बर्लिनमध्ये एकत्र येऊन एडेका काढली. ती आज तिथली सर्वांत मोठी किराणा साखळी आहे आणि तिची मालकी अजून स्वतंत्र दुकानदारांच्या सहकारी संस्थांकडे आहे. साखर आणि दुधाचे धंदे सहकारातून उभे करणाऱ्या महाराष्ट्राला हे परके वाटायला नको. नायगावच्या गिरणी कामगारांनी 1948 मध्ये ग्राहकांची सहकारी संस्था काढली, तीच पुढे अपना बाजार झाली. आणि डी-मार्टच्या संस्थापकाने किराण्याचे धडे गिरवले ते नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेऊन. एकत्र खरेदीची ताकद त्या गुंतवणूकदाराने ओळखली. दुकानदारांच्या संघटना मात्र बहुतेक निवेदने देण्यात आणि बंद पुकारण्यात गुंतल्या.

आमच्यातले दोघे एकमेकांना वही दाखवत नाहीत, संघ कसला काढता, असे यावर दुकानदारच म्हणेल. शंका रास्त आहे, म्हणून सुरुवात वही न दाखवता होईल अशा मालापासून करावी. तूरडाळ, साखर, पोहे, रवा यांवर ना कंपनीची स्कीम, ना सेल्समनची मेहेरबानी. एका पेठेतल्या दहा दुकानांनी मार्केट यार्डातून डाळीचा एक ट्रक रोखीने उचलला, तर प्रत्येकाला फक्त आपापली पोती मोजून घ्यायची आहेत.