विमानतळ जिल्ह्यात आला, पण कोणाच्या जवळ?

१ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. हा विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी गावात आहे. तिथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण १७० किलोमीटर. हे अंतर विमान जेमतेम पाऊण तासात कापते.

आता जिल्ह्याचे दक्षिण टोक पाहू. जामखेड ते काकडी हे अंतर सरळ रेषेत १४५ किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जामखेडच्या तरुणाला आपल्याच जिल्ह्यातला विमानतळ जवळपास तितकाच लांब, जितकी त्या विमानतळाहून मुंबई लांब. पुण्याचे लोहगावही त्याला जवळपास तेवढेच दूर पडते. फरक वेळेचा आहे. विमानाला लागतो तो पाऊण तास, आणि नगरला गाडी बदलत एसटीने जाणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. १७ हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यातल्या सर्वात मोठ्या जिल्ह्यात 'जिल्ह्यात विमानतळ आहे' या वाक्याचा अर्थ प्रत्येक तालुक्यात वेगळा होतो. ज्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला दिले, त्यांचे जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यात आहे.

कोणी म्हणेल, आपल्या पोरांना विमान कशाला? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जाण्या-येण्याचे विमानभाडे मिळते. दिल्लीत शिकणारी, मुलाखतीला जाणारी मुले वेगळीच. काकडी ते दिल्ली सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या पुढे आहे. खरा वेळ वाचतो तो अशा लांबच्या प्रवासात. मुंबईसारख्या जवळच्या पल्ल्यात वाचलेला वेळ विमानतळावर तासभर आधी पोहोचण्यातच संपतो. शिवाय ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने मोटारवाल्यांची मुंबई आणखी जवळ आली.

विमानतळ साईभक्तांसाठी झाला, त्यात गैर काही नाही. पण त्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे, म्हणून त्याचा उपयोग सर्व तालुक्यांना व्हायला हवा. त्यासाठी नवी धावपट्टी लागत नाही. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव येथून नगरमार्गे काकडीपर्यंत, विमानांच्या वेळा धरून धावणारी एसटी लागते.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. सध्या काकडीला कोणत्या आगारातून किती फेऱ्या जातात, हे माहिती अधिकारात एसटी महामंडळाला विचारावे. मिळालेले उत्तर ग्रामसभेत मांडून फेरीच्या मागणीचा ठराव करावा आणि तो विभाग नियंत्रकांकडे द्यावा. विमानाचा वेग आपल्या हातात नाही, पण विमानतळापर्यंतचा अर्धा दिवस कमी करून घेणे आपल्या हातात आहे.