शेवटचा शब्द कुणाचा? लिव्हिंग विल आणि आपल्या वस्त्या

संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात दिला. बरे होण्याची आशा संपली, तर व्हेंटिलेटरसारख्या उपचारांवर आपल्याला ताटकळत ठेवू नये, हे सज्ञान माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. हेच लिव्हिंग विल. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

आधी या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. त्यामुळे हक्क मिळूनही तो वापरणे अवघड होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला की पुरे. आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावे त्यात लिहायची. एक प्रत त्यांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची. मन बदलले तर कागद लेखी रद्द करता येतो.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक भीती नेहमी ऐकू येते: “गरिबाचे उपचार लवकर बंद करायला हे निमित्त होईल.” ही भीती उगाच आलेली नाही. पण कागद असला तरी एकटा डॉक्टर निर्णय घेऊ शकत नाही. रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुसरे स्वतंत्र मंडळ, दोघांची संमती लागते. नेमलेल्या नातेवाइकांनाही विचारावे लागते. पैसे नाहीत म्हणून उपचार थांबवणे म्हणजे लिव्हिंग विल नव्हे. तो अन्यायच आहे आणि त्याविरुद्धची लढाई वेगळी लढावी लागेल.

खरा धोका कागद नसण्यात आहे. आयसीयूच्या दारात “सही कोण करणार?” असा प्रश्न येतो, भावाभावांत वाद होतात, कर्ज वाढते आणि रुग्णाला काय हवे होते हे कुणालाच सांगता येत नाही. अनेकदा हे ओझे घरातल्या बाईवर पडते आणि दोषही तिलाच मिळतो.

शिकून राजपत्रित अधिकारी झालेले कितीतरी बांधव-भगिनी आपल्यात आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांनी विहारात बसून असे कागद साक्षांकित करायला दिला, तर नोटरीचा खर्चही वाचेल. समाजाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे. तरुणांनी आधी घरी आई-वडिलांशी बोलावे. त्यांची इच्छा आपण गृहीत धरू नये, त्यांना विचारावी.