मुलाखतीचे कांदेपोहे

सोयरीक आधीच ठरलेल्या मुलापुढे आणखी एका मुलीला पोह्यांची बशी घेऊन बसवायचे, यासारखा अपमान नाही. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, हेच चालते. बहुसंख्य खेळाडू काळे, हुकूम देणारे बहुतेक गोरे. म्हणून २००३ साली ‘रूनी रूल’ आला : मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. त्याच वर्षी नियम मोडला म्हणून डेट्रॉइट लायन्सच्या अध्यक्षाला २ लाख डॉलर दंड झाला. मग मालक शहाणे झाले. मुलाखत घ्यायची, निवड आपलीच!

२०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस हा काळा प्रशिक्षक कोर्टात गेला. आपल्या मुलाखतीआधीच न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्याला ठरवले होते, हा त्याचा आरोप. संघाने तो नाकारला. त्याच वर्षी लीगने स्त्रियांनाही या नियमात घेतले. म्हणजे काळा पुरुष असो की कोणतीही बाई, रकाना एकच! वंचितांनी आपसात भांडावे, मालकांची खुर्ची शाबूत.

नियम मोडीत काढा, असे आम्ही म्हणत नाही. दार किलकिले झाले ते त्यानेच. पण निर्णय कधी झाला, कुणी केला, नकार का दिला, हे लेखी मागायलाच हवे. मुलाखतीचा मान पुरे झाला. नेमणुकीचा हिशेब द्या!