पाण्याचे पेट्रोल आणि पऱ्हाटीचा भाव



१९९६ साली तामिळनाडूच्या रामर पिल्ले नावाच्या माणसाने पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल काढून दाखवले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याने ते विकलेही. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल त्याला तीन वर्षांची सजा दिली. विकलेला माल म्हणजे टोल्युइन, नाफ्ता असल्या रसायनांची भेसळ होती. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. राख पुन्हा पेटत नाही, हे चुलीपुढे बसणाऱ्या माउलीला कोणी शिकवावे लागत नाही.

असली लबाडी ओळखणे सोपे. अवघड असते ती सरकारी शिक्क्याची, अर्धी खरी योजना. मोगली एरंड आठवा, कोणी त्याला चंद्रज्योत म्हणतात. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने या झाडाची देशभर लागवड सुचवली. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात एक टक्काही गाठला नाही. बीमध्ये तेल आहे, त्यावर इंजिन चालते, हे खोटे नव्हते. खोटे होते ते पडीक रानात, पाण्याखताशिवाय भरघोस बी येईल हे सांगणे. बिनपाण्याचे झाड जगते, पण जगणे वेगळे आणि पिकणे वेगळे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पदवीवाल्यांनी सांगायचे काय?

आता भावाचा हिशेब करा. २००५ साली सरकारने जैवडिझेलचा खरेदीदर जाहीर केला लिटरला २५ रुपये. एका लिटरला साधारण साडेतीन किलो बी लागते. म्हणजे गाळणी, वाहतूक, कारखानदाराचा नफा सगळे शून्य धरले तरी किलोला साधारण सात रुपयांच्या वर मिळणे नाही. त्यातच पुन्हा पुन्हा वेचणी, कारण फळे एकदम पिकत नाहीत. रोपे विकणाऱ्याने मात्र पहिल्याच वर्षी पैसे मोजून घेतले.

गोड ज्वारीची कल्पना याहून बरी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर वर्षानुवर्षे काम केले. कणीस घराला, रस अल्कोहोलला, चिपाड जनावराला. पण कापलेल्या धांड्यातली साखर लवकर उतरते, हंगामही थोड्या दिवसांचा. गाळणी जवळ नसेल तर ती लावू नये.

सौर पंप चांगलाच. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. रात्रीच्या विजेची वाट पाहणे सुटते. पण पंप पाणी उपसतो, आणत नाही. ज्याला पाण्याचा स्रोतच नाही त्याच्या पदरात ही सूट पडत नाही, आणि आपल्यात असे किती आहेत ते तुम्हीच मोजा. अशा योजनांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणीचे पैसे उकळणारेही फिरतात. त्यांना पैसे देऊ नका.

खरी गोष्ट आपल्या बांधावर पडली आहे. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता आपल्या वीजकेंद्रांत जाळल्या जाणाऱ्या राखट कोळशाच्या जवळपास आहे. २०२१ साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी कोळशात पाच टक्के जैवइंधनाच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण आणले. कोराडी, चंद्रपूर, पारस, परळी ही केंद्रे कापसाच्या मुलखातच आहेत. आणि आपण काय करतो? चुलीपुरती ठेवतो, उरलेली पेटवून देतो. नाहीतर ढीग तसाच पावसाळ्यापर्यंत राहतो आणि त्यातल्या किडक्या बोंडांतून गुलाबी अळी नव्या कपाशीवर येते.

अडचण वाहतुकीची आहे. मोकळ्या पऱ्हाटीने ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. म्हणून तुकडे गावातच झाले पाहिजेत, आणि ते यंत्र दलालाच्या नव्हे, गावाच्या मालकीचे हवे. शिवाय पऱ्हाटीबरोबर रानातला पालाशही जातो. तो परत घालायचा खर्च भावात धरलाच पाहिजे. उपटणी, गोळा करणे, पालाश आणि आपली मजुरी, एवढे भरून निघत नसेल तर पऱ्हाटी रानातच बारीक करून मिसळावी. फुकट उचलून नेणाऱ्याला 'रान साफ करून देतो' म्हणण्याची सोय ठेवू नये.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका एकराची पऱ्हाटी वाळवून, वजन करून आकडा आणावा. उपटणीला किती रोज लागले तेही लिहून आणा. भाव त्यावरूनच मागायचा आहे.